उच्छ्वासाचें बळ

गेल्या दिवाळीच्या सुटींत कळंबास बहिणीकडे चार दिवस जाऊन राहण्याचा योग आला. नालासोपाऱ्याहून निर्मळच्या रस्त्यानें पश्चिमेस निघालें म्हणजे दोन्ही बाजूंस केळीच्या व नारळीच्या वाड्या लागतात आणि त्या जेथें संपतात तेथें सुरूच्या झाडांपलीकडे समुद्र दिसूं लागतो, तेंच कळंब. रविवारीं मुंबईकरांची तेथें गर्दी होते, परंतु एरवीं गांव शांत असतो. त्या शांततेंत बहिणीच्या पडवींतून मात्र सकाळपासून हातोडीचा आवाज येत होता. पदवीच्या शेवटच्या वर्षांत शिकणारा माझा भाचा आपल्या दिवंगत वडिलांची जुनी प्रीमियर पद्मिनी खोलून बसला होता. शेजारीं गोणपाटावर, गोगलगाईच्या दोन शंखांची पाठ एकमेकांस चिकटवावी तसा दिसणारा एक जड धातूचा तुकडा ठेवलेला होता. कुर्ल्याच्या भंगारबाजारांतून त्यानें तो पैदा केला होता.

"मामा, हा टर्बो," तो म्हणाला. "निर्मळच्या जत्रेआधीं गाडीला बसवतों. मग आईला घेऊन घाट कसा चढतों तें बघ."

बहिणीनें मला स्वयंपाकघरांत बोलावलें आणि हलक्या आवाजांत म्हटलें, "दादा, तूं तरी त्याला सांग. यांची तेवढी एक वस्तु राहिली आहे. तीहि मोडून ठेवील."

मी इतिहासाचा अध्यापक. सायकलीची साखळी उतरली तर ती चढविण्यापलीकडे यंत्रशास्त्रांत माझी गति नाहीं. परंतु नकार द्यावयाचा तर कारणें पाहिजेत, आणि कारणें शोधण्याचा एकच मार्ग मला ठाऊक आहे. तो म्हणजे ही वस्तु जगांत आली कशी हें पाहणें. तें पाहतां पाहतां मी जें सांगावयास गेलों होतों तेंच बदललें. तो सारा वृत्तान्त वाचकांपुढें ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतु.

मोटारीच्या इंजिनांत पेट्रोल जळतें. पण पेट्रोल एकटें जळत नाहीं, त्यास हवा लागते. सिलिंडरांत जितकी हवा शिरेल तितकेंच इंधन जळणार आणि तितकेंच बळ मिळणार. दट्ट्या खालीं जातांना जेवढी हवा आपोआप ओढली जाईल तेवढ्यावर साधें इंजिन संतुष्ट असतें. उलट, जळून झालेला तप्त वायु सायलेन्सरवाटे बाहेर फेंकला जातो आणि इंधनाच्या उष्णतेपैकीं जवळजवळ एक तृतीयांश त्याच्याबरोबर फुकट जाते. या उच्छ्वासाच्या वाटेंत एक चक्र ठेवावें, तें फिरूं लागलें म्हणजे त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोंकास बसविलेला पंखा फिरावा, आणि त्या पंख्यानें ताजी हवा दाबून इंजिनांत भरावी, ही टर्बोचार्जरची सगळी कल्पना. बाहेर टाकलेला श्वासच पुढचा श्वास मोठा करतो.

भाच्यानें हें मला समजावून दिलें तेव्हां मला आमच्या अर्नाळा-वसईकडील डोलजाळ्याची आठवण झाली. आमचे कोळीबांधव भर समुद्रांत खुंट रोवून त्यांस नरसाळ्यासारखें लांब जाळें बांधतात. भरती-ओहोटीचा ओघ आपल्या वाटेनें वाहतच असतो. जाळें त्या ओघाकडे तोंड करून उभें राहतें आणि बोंबील आपोआप आंत येतात. वाहून जाणाऱ्या बळाच्या वाटेंत तोंड उघडून उभें राहण्याची ही युक्ति जुनी आहे. मात्र ओघ किती सोसावयाचा हें खुंटाच्या व दोराच्या मगदुरावर अवलंबून असतें, आणि उधाण कोणतें व भांग कोणती हें न ओळखणाऱ्याचें जाळें फाटतें, हेंहि तितकेंच जुनें ज्ञान आहे.

या कल्पनेचा जनक आल्फ्रेड ब्यूखी हा स्वित्झर्लंडांतील विंटरथूर येथें १८७९ सालीं जन्मलेला इंजिनियर. इंजिनांत हवा कोंबण्याचा विचार त्याच्याही आधीं डाइमलर व रेनो यांनीं केला होता, परंतु त्यांचे पंप व पंखे इंजिनाच्याच बळावर फिरावयाचे होते. फुकट जाणाऱ्या उच्छ्वासाकडून तें काम करून घ्यावें हें ब्यूखीनें सुचविलें आणि १९०५ सालच्या नोव्हेंबरांत त्याचें पेटंट नोंदलें गेलें. येथपर्यंतची हकीकत शाळेच्या पुस्तकांत शोभण्यासारखी आहे. परंतु पुढें काय झालें? पुढें वीस वर्षें व्यवहारांत उतरेल असें कांहींच झालें नाहीं. सुल्झर कारखान्यांत प्रयोग चालले, १९१५ च्या सुमारास एक नमुनाहि तयार झाला, पण तो भरंवशाचा ठरला नाहीं. कल्पना कागदावर निर्दोष होती. तिला सोसणारा धातु आणि तिला साजेशी झडपांची रचना जगांत नव्हती. तापून लाल होणारें चक्र मिनिटास हजारों फेरे घेत असतां त्याचीं पातीं ताणलीं जातात, दांड्याचे आधार झिजतात, आणि उच्छ्वासाची वाट अडल्यामुळें इंजिनच गुदमरूं लागतें. १९२५ च्या सुमारास ब्यूखीनें झडपा उघडण्या-मिटण्याच्या वेळा अशा बसविल्या, कीं ताज्या हवेच्या झोतानें सिलिंडर धुवून निघावा व थंडहि व्हावा. तेव्हां कुठें चाळीस टक्क्यांहून अधिक बळ वाढल्याचें दिसून आलें. १९२६ सालीं 'प्रॉइसन' व 'हान्सेस्टाट डान्झिग' या दोन जर्मन उतारूजहाजांच्या इंजिनांची शक्ति या युक्तीनें १७५० वरून २५०० अश्वशक्तीवर गेली. पेटंट घेतलें तेव्हां सव्वीस वर्षांचा असलेला तरुण आतां सत्तेचाळीस वर्षांचा झाला होता.

दुसरी हकीकत अमेरिकेंतील. पहिल्या महायुद्धांत विमानें जसजशीं उंच जाऊं लागलीं तसतशी विरळ हवेंत त्यांचीं इंजिनें दमूं लागलीं. फ्रान्समध्यें ऑग्यूस्त रातो यानें यावर टर्बो बसवून पाहिला, आणि अमेरिकेंत जनरल इलेक्ट्रिक कंपनींतील सॅनफर्ड मॉस याच्याकडे तेंच काम आलें. मॉसनें १९१८ सालीं जें केलें तें मला फार शिकविणारें वाटतें. त्यानें आपलें यंत्र एकदम विमानांत घातलें नाहीं. लिबर्टी नांवाचें इंजिन त्यानें एका ट्रकवर बांधलें आणि कोलोरॅडोंतील पाइक्स पीक या सुमारें १४,००० फूट उंचीच्या शिखरावर नेऊन ठेवलें. समुद्रसपाटीवर ३५० अश्वशक्ति देणारें तें इंजिन शिखरावर टर्बोवांचून २३० वर आलें, आणि टर्बो लावल्यावर त्यानें ३५६ दिली. आधीं मोजलें, मग लावलें, पुन्हा मोजलें. दोन वर्षांनीं, १९२० च्या फेब्रुवारींत, श्रोडर हा वैमानिक असें इंजिन लावलेलें विमान घेऊन ३३,००० फुटांपलीकडे गेला. दुसऱ्या महायुद्धांतील अमेरिकेचीं मोठालीं बाँबफेकी विमानें याच विद्येवर उंच उडत होतीं.

जहाज, विमान, आणि १९३८ सालीं स्विस सौरर कंपनीचा मालट्रक, असा प्रवास करून टर्बो घरगुती मोटारींत आला तो १९६२ सालीं. अमेरिकेंतील ओल्ड्समोबील जेटफायर ही त्यांतली एक गाडी, आणि घरीं टर्बो बसवूं पाहणाऱ्या प्रत्येकानें तिचें चरित्र वाचावें असें मी म्हणेन. हवा दाबली म्हणजे ती तापते. सायकलींत हवा भरतांना पंपाची नळी हातास चटका देते तें याचमुळें. अशा तापल्या हवेंत पेट्रोल ठिणगीची वाट न पाहतां आपल्या मनानें पेटतें, आणि घणाचा घाव बसावा तसा दट्ट्यावर आघात होतो. हें टाळण्यासाठीं जेटफायरमध्यें पाणी व मेथिल अल्कोहोल यांचें मिश्रण सिलिंडरांत थोडें थोडें सोडण्याची सोय केली होती. त्याची निराळी टाकी होती आणि ती मालकानें वेळोवेळीं भरावयाची होती. मालक ती भरीत ना! टाकी रिकामी झाली कीं टर्बोचा जोर आपोआप कमी व्हावा अशी योजना होती, त्यामुळें लोक तक्रार करूं लागले कीं गाडींत दम नाहीं. दोन वर्षांत ती गाडी बंद पडली, आणि पुष्कळांच्या गाड्यांतून टर्बो काढून साधा कार्बुरेटर बसवून देण्यांत आला. यंत्रानें दगा दिला नाहीं. घरच्या माणसाच्या लक्षाचा हिशोब चुकला.

पुढच्या हकीकती थोडक्यांत सांगतों. १९७३ सालीं बी.एम.डब्ल्यू. नें टर्बोची गाडी काढली आणि त्याच वर्षीं तेलाचा तुटवडा आला. अवघ्या १,६७२ गाड्या निघाल्या. रेनोनें १९७७ सालीं शर्यतींत टर्बो आणला तेव्हां तो इतक्या वेळां धूर ओकून थांबे, कीं प्रेक्षक त्या गाडीस पिवळी चहादाणी म्हणून हंसत. १९७९ सालीं रेनोचीच टर्बोची गाडी फ्रान्सची शर्यत जिंकली. याच दशकांत अमेरिकेंत घरच्या घरीं टर्बो बसविणाऱ्या हौशी लोकांचा एक वर्गच निर्माण झाला, आणि १९७६ सालीं ह्यू मॅकइन्स यांचें 'टर्बोचार्जर्स' हें त्या विषयावरचें पुस्तक निघालें. भाच्याची हौस कांहीं जगावेगळी नव्हे.

आपल्याकडे काय घडलें? यंत्र आणून तें घरीं खोलून शिकण्याची परंपरा महाराष्ट्राला नवी नाहीं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं बेळगांवांत सायकलींच्या दुकानापासून आरंभ केला आणि १९१० सालीं औंध संस्थानांतील माळरानावर किर्लोस्करवाडी वसविली. १९४६ सालीं पुण्यास किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली. आमच्या वसईच्या वाड्यांतील विहिरींवर कुरकुरणारे रहाट गेले आणि त्यांच्या जागीं ऑइल इंजिनें धडधडूं लागलीं, तीं कोणा इंजिनियरानें येऊन चालविलीं नाहींत. वाडीवाल्यांनींच तीं खोललीं, मोडलीं आणि पुन्हा जोडलीं. आजोबा सांगत, कीं पहिल्या वर्षीं विहिरीपेक्षां इंजिनाचीच निगा अधिक करावी लागे. १९६२ सालीं पुण्यांत किर्लोस्कर-कमिन्सचा कारखाना निघाला. रेल्वेनें त्याच सुमारास अमेरिकेहून आणविलेलीं आणि १९६४ पासून वाराणशीस बांधलेलीं २६०० अश्वशक्तीचीं डिझेल इंजिनेंहि टर्बोवरच चालत. म्हणजे टर्बोची शीळ आपल्या कानांवर साठ वर्षांपासून पडत आहे. ती कसली हें मात्र आपणांपैकीं थोड्यांसच ठाऊक होतें.

मोटारींची गोष्ट निराळी झाली. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापिली आणि कुर्ल्यास तिचा कारखाना उभा राहिला. इटलीच्या फियाटचा जो नमुना तिनें उचलला तो परवान्यांच्या काळांत फारसा न बदलतां पद्मिनी या नांवानें गेल्या शतकाच्या अखेरीपर्यंत निघत राहिला. १०८९ घन सेंटिमीटरचें इंजिन आणि चाळीसेक अश्वशक्ति, एवढ्यावर मध्यमवर्गाच्या दोन पिढ्यांनीं संसार केला. मुंबईच्या टॅक्सींतून ती २०२३ सालीं कायमची निघून गेली. त्यापूर्वींच आपल्या कारखान्यांतून टर्बोच्या मोटारी सर्रास बाहेर पडूं लागल्या होत्या. १९९८ सालीं टाटांची सफारी आली, २००२ सालीं नाशिकास तयार झालेली स्कॉर्पिओ आली, आणि १ एप्रिल २०२० पासून धुराचे नियम अधिक कडक झाल्यावर तर लहान इंजिन व त्यावर टर्बो ही जोडी पेट्रोलच्या गाड्यांतहि नेहमींची झाली. मात्र तेथें एक संगणक क्षणोक्षणीं हवा, इंधन व ठिणगी यांचा मेळ घालीत असतो. जेटफायरच्या मालकाकडून ज्या लक्षाची अपेक्षा होती तें लक्ष आतां यंत्रालाच दिलें आहे.

हें सारें मी दोन दिवस भाच्याशीं बोलत होतों. बोलतां बोलतां एक गोष्ट मला स्पष्ट दिसूं लागली. ब्यूखीला वीस वर्षें ज्या अडचणींनीं अडविलें, त्याच अडचणी पडवींत टर्बो बसविणाऱ्यापुढें त्याच क्रमानें उभ्या राहतात. फक्त वीस वर्षांऐवजीं एका दुपारींत. मीं एका कागदावर त्या लिहून काढल्या. पहिली, उष्णता: पेट्रोलच्या इंजिनाचा उच्छ्वास आठशें-नऊशें अंश सेल्सिअसपर्यंत तापतो आणि तो पद्मिनीच्या बॉनेटखालीं रबरी नळ्यांच्या शेजारीं राहणार. दुसरी, इंधन: दाबलेली हवा कार्बुरेटरांतून पाठवावयाची तर पेट्रोल तिच्याहून अधिक दाबानें यावें लागतें, जुन्या गाडीच्या पंपाचा दाब तो किती! तो अपुरा पडला कीं मिश्रण पातळ होतें, सिलिंडर भलताच तापतो आणि दट्ट्यास भोंक पडतें. तिसरी, वंगण: टर्बोचा दांडा मिनिटास लाखभर फेरे घेतो आणि ऑइलच्या पातळ थरावर तरंगत असतो; तें ऑइल इंजिनांतून आणून पुन्हा खालीं वाहून जाण्यास उतार द्यावा लागतो, आणि घाट चढून आल्यावर गाडी मिनिटभर उभ्या जागीं चालूं न ठेवतां बंद केली तर तें तेथेंच जळून काळें होतें. चौथी, बांध: दाब ठराविक मर्यादेपलीकडे जाऊं लागला कीं उच्छ्वास दुसऱ्या वाटेनें सोडून देणारी झडप पाहिजे. डोलजाळ्यास उधाणाची जी भीति, तीच ही.

पांचवी गोष्ट कायद्याची, ती मीं मुद्दाम शेवटीं सांगितली. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणें, नोंदणीपत्रांतील मूळ तपशिलांशीं जुळणार नाहीं असा फेरफार गाडींत करतां येत नाहीं, आणि २०१९ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तें निःसंदिग्ध शब्दांत सांगितलें आहे. गॅसवर गाडी चालविण्यासाठीं कायद्यानें वाट ठेवली आहे. मुंबईच्या पद्मिनी टॅक्सी त्याच वाटेनें आपलीं शेवटचीं वर्षें धांवल्या. टर्बोसाठीं घरगुती वाट नाहीं.

भाचा ऐकत होता, पण त्याचा चेहरा उतरला. मला वाटलें, बहिणीचें काम झालें. तरी माझें मन मला खात होतें. कारण याच इतिहासांत ब्यूखी होता, मॉस होता आणि बेळगांवचे सायकलदुकानदारहि होते. त्यांच्या घरच्या वडील माणसांनीं त्यांस गप्प बसविलें असतें तर सांगण्यास इतिहासच उरला नसता. मुलाला 'नको' म्हणण्याचा अधिकार मला या हकीकतींतून मिळत नव्हता. मिळत होता तो एवढाच, कीं मॉसनें जें प्रथम केलें तें तूंहि प्रथम कर, असें सांगण्याचा.

"तूं मोजलेंस का?" मीं विचारलें. "ही गाडी आज किती बळ देते, तें ठाऊक आहे?"

त्यानें मोजलें नव्हतें. सायंकाळीं आम्ही नालासोपाऱ्याच्या एका मिस्त्रीकडून दाब मोजण्याचें घड्याळ आणलें. प्लग काढून एकेका सिलिंडराचा दाब पाहिला. तीन सिलिंडर जवळजवळ सारखे निघाले. चौथ्याचा दाब बराच कमी भरला. भाच्यानें त्यांत चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजला, तेव्हां दाब वाढला. याचा अर्थ मला कळला नाहीं, त्यास तत्काळ कळला. झडपा ठीक होत्या. दट्ट्याच्या रिंगा झिजल्या होत्या आणि ऑइलनें ती फट क्षणभर भरून काढली होती. एवढे दिवस गाडी घाटांत दमत होती ती मूळचीच दुबळी म्हणून नव्हे. तिच्या चार छात्यांपैकीं एकींतून श्वास गळत होता.

बराच वेळ तो कांहीं बोलला नाहीं. मग म्हणाला, "मामा, म्हणजे बाबा चालवत होते तेव्हां ही याहून जोरांत धांवत असणार."

"असणार," मीं म्हटलें.

"मग आधीं तेवढी तरी करतों."

पुढच्या तीन आठवड्यांत त्यानें इंजिन उतरविलें, नव्या रिंगा घातल्या, झडपा घांसून बसविल्या, आणि मिस्त्रीनें दोन वेळां येऊन त्याचें काम तपासलें. त्या झिजल्या इंजिनावर टर्बो चढविला असता तर काय झालें असतें, हें मिस्त्रीनें एका शब्दांत सांगितलें. तो शब्द येथें छापण्याजोगा नाहीं. कार्तिक वद्य एकादशीस निर्मळची जत्रा भरली तेव्हां बहीण त्याच गाडींतून देवळास गेली. टर्बोवांचून.

टर्बो अद्याप पडवींतच आहे. भाच्यानें तो विकला नाहीं आणि मीहि त्यास विक म्हटलें नाहीं. परवां त्याचा फोन आला. भंगारांतून एक पडकें इंजिन मिळालें आहे. तें वाडींत चिऱ्यांच्या चौथऱ्यावर लोखंडी चौकटींत बांधावयाचें, त्यावर टर्बो बसवावयाचा आणि उष्णता, दाब व वंगण यांची रोज नोंद ठेवावयाची, असा त्याचा बेत आहे. तें फुटलें तर कोणाचें कांहीं जाणार नाहीं, आणि रस्त्यावर तें येणारच नाहीं. नोंदीसाठीं वही कशी आखावी, एवढेंच त्यास मला विचारावयाचें होतें. तेवढें मला येतें. पुढच्या रविवारीं त्यासाठीं कळंबास जाणार आहें.